ब्लॉकचेन व्यवहार-गाळणी

ब्लॉकचेनवर सतत येत असलेल्या व्यवहारांतून ठरावीक अटींत बसणारे व्यवहार आज्ञावलीच्या साहाय्याने त्याच क्षणी वेगळे काढण्याची पद्धत. बिटकॉइनची साखळी ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली, इथेरियमची ३० जुलै २०१५ रोजी. दोन्हींच्या नोंदी खुल्या आहेत. त्या वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. बिटकॉइनवर सरासरी १० मिनिटांनी, इथेरियमवर १२ सेकंदांनी, तर इथेरियमच्या धर्तीवरील पॉलिगॉन या साखळीवर साधारण २ सेकंदांनी नवा ब्लॉक येतो. सगळे उघड असूनही या वेगात आपल्या कामाची नोंद डोळ्यांनी हुडकणे कोणाला जमणारे नाही, म्हणून गाळणी लिहावी लागते.

विदर्भात अशा साखळीचा संबंध थेट सरकारी कागदाशी आला. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे पॉलिगॉनच्या आधारे पडताळता येतील अशी योजना हाती घेतली. त्यासाठी ‘लेजिटडॉक’ ही प्रणाली वापरली. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी हीच प्रणाली इथेरियमवर आणली होती. अशा पद्धतीत प्रमाणपत्र साखळीवर चढत नाही, त्याचा गणिती ठसा तेवढा चढतो. कागदातले एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. खरेदी-विक्रीच्या गर्दीतून असे ठसे शोधायचे तर ते ज्या पत्त्यावरून लिहिले जातात, त्या पत्त्याची अट घालायची. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात बसलेल्या विद्यार्थ्यालाही हे करता येते: एका नोडशी (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाशी) जोडणी आणि पायथनमधल्या मोजक्या ओळी पुरतात.

कार्यपद्धती : आज्ञावली वेबसॉकेट या सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीद्वारे नोडशी जोडली जाते आणि अटी कळवते. त्यानंतर पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागत नाही; जुळणारी नोंद आली की नोडच ती पाठवतो. अटी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, कराराचा (साखळीवर ठेवलेल्या आज्ञावलीचा) पत्ता आणि ‘टॉपिक’ (नोंदीचे शोधता येणारे रकाने). इथेरियमच्या धर्तीवरील साखळ्यांत एका नोंदीला जास्तीत जास्त चार टॉपिक असतात. सर्वसाधारणपणे पहिला टॉपिक म्हणजे घटनेच्या नावाचा व त्यातील माहितीच्या प्रकारांचा ‘केचॅक-२५६’ ठसा. टोकन एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची ‘ट्रान्सफर’ ही घटना घेतली, तर तिचा ठसा ‘डीडीएफ२५२एडी’ असा सुरू होतो. दुसरा टॉपिक पाठवणाऱ्याचा, तिसरा घेणाऱ्याचा.

नवशिके अडखळतात ते बारीकसारीक जागी. पत्ता २० बाइटांचा, टॉपिक मात्र ३२ बाइटांचा. त्यामुळे पत्त्याआधी १२ बाइट, म्हणजे षोडशमान लेखनात २४ शून्ये, भरावी लागतात. ती न भरता हाताशी आलेल्या नोंदींशी तुलना केली, तर आज्ञावली कसलीही तक्रार न करता चालत राहते आणि एकही नोंद सापडत नाही. रकमेत दशांशचिन्ह नसते. ‘यूएसडीसी’ टोकनला सहा दशांश स्थळे असल्याने नोंदीत २५,००,००,००० दिसले, तर प्रत्यक्षात २५० टोकन गेलेले असतात. मोठ्या रकमा टिपण्यासाठी लावलेल्या गाळणीत हा भागाकार राहिला, की किरकोळ व्यवहारही कोट्यवधींचा वाटतो.

नोडला प्रत्येक ब्लॉक पूर्ण चाळावा लागू नये, यासाठी इथेरियमच्या ब्लॉकशीर्षात २,०४८ बिटांची ‘ब्लूम’ गाळणी असते. बर्टन ब्लूम यांनी ही युक्ती १९७० मध्ये मांडली, म्हणजे बिटकॉइनच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी. तिचा नकार पक्का असतो. होकार मिळाला तर मात्र ब्लॉक उघडून खात्री करावी लागते.

आलेली नोंद टिकेलच असे नाही. साखळीचे टोक कधी मागे फिरते आणि काही ब्लॉक बाद होतात. पॉलिगॉनवर फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदम १५७ ब्लॉक असे बदलले. अशा वेळी नोड तीच नोंद ‘रद्द’ अशी खूण लावून पुन्हा पाठवतो. ही खूण न पाहणारी आज्ञावली न झालेला व्यवहार झाला म्हणून धरते. जोडणी तुटल्यास मधल्या काळातील नोंदी ब्लॉकक्रमांक देऊन मागवाव्या लागतात.

तपासातील उपयोग : ‘गेनबिटकॉइन’ या बिटकॉइन गुंतवणुकीच्या घोटाळ्यात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. मार्च २०२२ मध्ये याच तपासात साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना पकडण्यात आले. बिटकॉइनच्या डिजिटल पाकिटांतील शिल्लक कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. स्क्रीनशॉट एका माणसाच्या हातून येतो. पत्ता आणि ब्लॉकक्रमांक दिला, तर तीच गाळणी दुसरा अधिकारी, न्यायालयाचा तज्ज्ञ किंवा आरोपीचा वकीलही स्वतः चालवून पाहू शकतो.

मर्यादा : गाळणीला पत्ता दिसतो, त्यामागचा माणूस नाही, नाव जोडायला एक्स्चेंजकडील ग्राहक-ओळखीची कागदपत्रेच लागतात. शिवाय इथर हे इथेरियमचे मूळ चलन नुसते पाठवल्यावर ‘ट्रान्सफर’सारखी नोंद उमटत नाही, म्हणून केवळ नोंदींवर बेतलेल्या गाळणीतून ते निसटते, त्यासाठी प्रत्येक ब्लॉकमधील व्यवहार वेगळे तपासावे लागतात.

सराव खऱ्या पैशांवर करायचा नसतो. पॉलिगॉनच्या चाचणी साखळीचे नाव ‘मुंबई’ होते, क्रमांक ८०००१. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद होऊन ‘अमॉय’ ही ८०००२ क्रमांकाची साखळी तिच्या जागी आली. जुन्या धड्यांतील आज्ञावली वापरताना म्हणूनच आधी हा क्रमांक आणि नोडचा पत्ता बदलावा लागतो.