नाममुद्रा, पुष्पिका आणि संगणकीय संचिकेतील वर्णननोंद

ग्रंथाचे वर्णन ग्रंथातच नोंदविण्याची रीत मराठीत जुनी आहे. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस येणारी पुष्पिका ग्रंथाचे नाव, लेखनाचा शक व तिथी, क्वचित स्थळ आणि लेखनिकाचे नाव सांगते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा कर्त्याचे नाव सांगते. पोथी एका मठातून दुसऱ्या मठात गेली तरी ही माहिती तिच्यासोबत जाते. संगणकीय संचिकेत शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक यांचे जे रकाने असतात व ज्यांस मेटाडेटा म्हणतात, त्यांचे प्रयोजनही हेच होय.

या रीतीचे सामर्थ्य आणि मर्यादा हिंगोली परिसरातील नामदेवपरंपरेत स्पष्ट दिसतात. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 साली नरसी येथे झाला. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांस गुरुबोध झाला असे मानतात. गुरू अर्जुनदेवांनी 1604 साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. तेथे रचना रागानुसार लावलेल्या असून भक्ताचे नाव पदातील मुद्रेखेरीज शीर्षकातही येते. मराठी गाथांत मात्र कर्तृत्वाचा निर्णय बव्हंशी मुद्रेवरच अवलंबून राहिला. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा कवी झाला आणि मुद्रांच्या साम्यामुळे दोघांच्या रचनांची सरमिसळ झाली. मुद्रा हे रचनेचे स्वतःविषयीचे विधान आहे; कर्तृत्व हा अभ्यासकाचा निर्णय आहे. हा भेद पुसला की संशोधनाचा पायाच डळमळतो.

संगणकीय संचिकेत हा भेद अधिक सहज पुसला जातो. पीडीएफ हा संचिकाप्रकार 1993 साली प्रचारात आला. त्यात कर्त्याचा रकाना असतो; परंतु तो जाणीवपूर्वक न भरल्यास अनेकदा संगणकावर नोंदलेल्या वापरकर्त्याचे नाव तेथे आपोआप बसते, आणि निर्मितीचा दिनांक म्हणून ग्रंथाचा नव्हे, तर संचिकेचा दिनांक येतो. पुष्पिकेत कवी व लेखनिक वेगळे राहत; येथे लेखनिकच कवीच्या जागी बसतो.

लिपीची अडचण निराळी आहे. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृती बसविलेल्या असत. पानावर मजकूर शुद्ध दिसे; पण शीर्षकाच्या रकान्यात फाँट जात नाही, केवळ संकेतांक जातात, म्हणून तेथे निरर्थक रोमन अक्षरे उरतात. युनिकोडमध्ये नोंद केल्यासच मराठी शीर्षक शोधास सापडते.

यांपैकी कर्तृत्वाच्या व भाषेच्या प्रश्नांवरील उपायांची साधने उपलब्ध आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे 1995 साली भरलेल्या परिषदेतून ‘डब्लिन कोअर’ ही पद्धती निघाली. तिच्या 15 घटकांत कर्ता व सहायक यांस स्वतंत्र स्थान आहे आणि प्रत्येक घटक अनेकदा योजता येतो. 2001 साली आलेल्या एक्सएमपी पद्धतीने असे वर्णन संचिकेतच साठविता येऊ लागले. एकच शीर्षक भाषानिर्देशासह अनेक भाषांत देण्याची सोयही तीत आहे.

स्थळाच्या नोंदीत या सोयीचे मोल कळते. नरसी 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे. जिल्हा मात्र परभणीच राहिला. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा निर्माण झाला. 1955 सालच्या कागदावरील ‘परभणी’ बदलून ‘हिंगोली’ लिहिणे हा पुराव्याचा लोप होय. केवळ ‘परभणी’ ठेवल्यास आजच्या शोधकास तो कागद सापडणार नाही. म्हणून मूळ निर्देश जसाच्या तसा ठेवून आजचे नाव स्वतंत्र नोंदवावे. तद्वतच कर्त्याच्या बाबतीत मुद्रा एका नोंदीत आणि अभ्यासकाचा निर्णय दुसऱ्या नोंदीत असावा. वर्णन दस्तऐवजासोबत जावे, हे पुष्पिकेने शिकविले. दस्तऐवजाचे म्हणणे व वर्णनकाराचे म्हणणे वेगळे राखावे, हा धडा नामदेवगाथेचा आहे.