दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन : महाराष्ट्राच्या अनुभवाच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

स्मरण ही जशी व्यक्तीची तशीच समाजाचीही गरज आहे. कोणाचे स्मरण करावे, कोणत्या दिवशी करावे आणि कोणत्या शब्दांत करावे, हे मात्र समाज आपोआप ठरवीत नाही. त्यामागे राज्यसंस्थेचे निर्णय, राजकीय परिस्थिती, धार्मिक परंपरा आणि लोकमानस यांचा परस्परसंबंध असतो. त्यामुळे एखादा स्मृतिदिन हा इतिहासाच्या अभ्यासकासाठी त्या घटनेइतकाच महत्त्वाचा पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखात दहशतवादी हिंसाचारात मृत्युमुखी पडलेल्या सामान्य नागरिकांच्या स्मरणाचा प्रश्न महाराष्ट्राच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्याकडे दहशतवादाला विरोध करणारा दिवस आहे. परंतु दहशतवादाच्या बळींचे स्मरण करणारा राष्ट्रीय दिवस आहे काय, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

विरोधाचा दिवस आणि स्मरणाचा दिवस

२१ मे १९९१ रोजी तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची मानवी बॉम्बच्या साहाय्याने हत्या झाली. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ २१ मे हा दिवस देशभर ‘दहशतवादविरोधी दिन’ म्हणून पाळला जातो. शासकीय कार्यालयांत व शिक्षणसंस्थांत या दिवशी सामूहिक प्रतिज्ञा घेतली जाते. सुटी आल्यास ही प्रतिज्ञा आधीच्या कामकाजाच्या दिवशी घेतली जाते.

या दिनाच्या स्वरूपाविषयी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट त्याच्या नावाची. ‘विरोध’ या शब्दाची दृष्टी शत्रूकडे असते, तर ‘स्मरण’ या शब्दाची दृष्टी गमावलेल्या माणसाकडे असते. श्रीपेरुंबुदूरच्या स्फोटात राजीव गांधी यांच्यासमवेत आणखी डझनाहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बंदोबस्तावरील पोलीस होते आणि सभेला आलेली सामान्य माणसेही होती. त्यांची नावे प्रतिज्ञेत येत नाहीत आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊकही नसतात. दुसरी गोष्ट काळाची. मे महिन्याचा तिसरा आठवडा आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने परीक्षांचा किंवा उन्हाळी सुटीचा असतो. परिणामी ज्या विद्यार्थ्यांपर्यंत हा दिवस पोहोचावा अशी अपेक्षा आहे, तेच त्या दिवशी उपस्थित नसतात. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कार्यालयीन कर्मचारी व मोजके प्राध्यापक प्रतिज्ञा घेतात आणि अहवाल पूर्ण होतो, हे आपण सर्वजण अनुभवाने जाणतो.

जागतिक पातळीवरील उदाहरणे

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक आहे. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद शहरातील उपनगरी गाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक प्रवासी ठार झाले. त्यानंतर युरोपीय संघाने ११ मार्च हा दिवस दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन म्हणून स्वीकारला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव करून २१ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन निश्चित केला व २०१८ पासून तो पाळला जाऊ लागला.

या सर्वांत भारतीयांना सर्वांत जवळचे उदाहरण कॅनडाचे आहे. २३ जून १९८५ रोजी माँट्रिअलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक समुद्रावर असताना बॉम्बस्फोटाने नष्ट झाले. त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. बहुसंख्य प्रवासी कॅनडाचे नागरिक होते आणि त्यांतील बहुतेक भारतीय वंशाचे होते. दीर्घकाळ चाललेल्या खटल्यात मार्च २००५ मध्ये दोन प्रमुख आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. त्याच वर्षी कॅनडाने २३ जून हा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून घोषित केला. २००६ मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल आल्यावर २०१० मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी मृतांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली.

या घटनाक्रमाचा अर्थ असा की, न्यायालयात अपराध सिद्ध होवो अथवा न होवो, मृतांचे स्मरण करण्याचे कर्तव्य त्यामुळे स्थगित होत नाही, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात मान्य झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

१२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी दुपारी, मुंबईत लागोपाठ स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार अशा गजबजलेल्या ठिकाणी २५७ माणसे मरण पावली व ७१३ जखमी झाली. रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे उतरविलेल्या स्फोटकांचा हा परिणाम होता. या खटल्यात शंभर जणांना दोषी ठरविण्यात आले. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांतील पहिल्या वर्गाच्या डब्यांत अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले व १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला मालेगाव येथे, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे दगावली. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्याच भिक्कू चौकात सहा जण बळी पडले. २६ नोव्हेंबर २००८ पासून सुमारे साठ तास चाललेल्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत १७ जणांचा मृत्यू झाला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे ठार झालेल्या २६ जणांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते.

या घटनांच्या न्यायालयीन इतिहासाकडे पाहिल्यास स्मरणाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे ध्यानात येते. २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले व त्यांपैकी पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै रोजी, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटका झालेल्यांना पुन्हा कारागृहात पाठविले नाही. मालेगावच्या २००६ मधील स्फोटांप्रकरणी प्रथम पकडलेल्या नऊ जणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. २००८ च्या मालेगाव खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तथापि मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख व जखमींना प्रत्येकी पन्नास हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

दहा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांवर जी सार्वजनिक चर्चा झाली, ती प्रामुख्याने आरोपींच्या धर्माभोवती व तपास यंत्रणांभोवती फिरली. एका निकालाने समाधान पावलेले अनेकजण दुसऱ्या निकालाने अस्वस्थ झाले. दोन्ही घटनांतील मृत मात्र दोन्ही वेळा चर्चेच्या परिघाबाहेरच राहिले. स्मरण जेव्हा गुन्हेगाराच्या ओळखीवर अवलंबून ठेवले जाते, तेव्हा गुन्हेगार निश्चित न झाल्यास मृतांचे स्मरणही निराधार होते. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

हुतात्मा आणि बळी : शब्दांचा इतिहास

मराठी भाषेत अशा मृतांसाठी कोणते शब्द योजले जातात, याचाही विचार करणे आवश्यक आहे. ‘हुतात्मा’ हा शब्द स्वातंत्र्यलढ्याने व पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने रूढ केला. त्या चळवळीत गोळीबाराला बळी पडलेल्या शंभराहून अधिक व्यक्तींत गिरणी कामगार होते, विद्यार्थी होते. फ्लोरा फाउंटनच्या परिसराला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले आणि सामान्य माणसांच्या मृत्यूला सार्वजनिक प्रतिष्ठा लाभली. कारण त्या मृत्यूमागे एक ध्येय होते.

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हाच शब्द पोलीस व सुरक्षादलांतील वीरांसाठी योजला गेला आणि ते सर्वथा उचितच होते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली. हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांनी कर्तव्य बजावताना प्राण दिले. त्यांच्या स्मृतीस दरवर्षी शासकीय मानवंदना दिली जाते. परंतु छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलेला प्रवासी कोणत्याही ध्येयासाठी मेला नाही. तो केवळ तेथे होता. त्याच्यासाठी भाषेने ‘बळी’ हा शब्द ठेवला आणि बळींची गणना होते, नामोच्चार होत नाही.

याउलट, पोलीस दलाची २१ ऑक्टोबरची परंपरा अनुकरणीय आहे. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात मरण पावलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ हा दिन पाळला जातो आणि त्या वर्षी कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या देशभरातील पोलिसांची नावे वाचून दाखविली जातात. या साध्या कृतीने संख्येचे पुन्हा माणसांत रूपांतर होते.

परंपरेतील आधार

नागरिकांच्या स्मरणाची कल्पना आपल्याला परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांत मंदिराच्या आवारात किंवा वेशीजवळ वीरगळ आढळतात. गुरे वाचविताना किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्यांची ती स्मारके होत. त्यांपैकी बहुतेकांवर लेख नाही; त्यामुळे गाव त्यांना शेंदूर लावते, पण ते कोणाचे हे सांगू शकत नाही. दगड टिकला व नाव हरवले, हा इशारा आधुनिक स्मारकांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. पितृपक्षातील चतुर्दशी ही शस्त्राने वा अपघाताने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धासाठी राखलेली आहे. म्हणजेच अकाली, हिंसक मृत्यूला स्मरणात वेगळे स्थान द्यावे, ही जाणीव परंपरेत आहे. मुस्लिम समाजात शब-ए-बरातला आप्तांच्या कबरींवर जाऊन प्रार्थना करण्याची रीत आहे. २००६ साली मालेगावात जे मरण पावले, त्यांच्यापैकी अनेकजण अशा पवित्र दिवशी नमाजासाठी व आप्तांच्या स्मरणासाठी तेथे आले होते. मृतांची आठवण ठेवण्यास आलेल्यांची आठवण आज महाराष्ट्र किती ठेवतो, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

आक्षेपांचा विचार

राष्ट्रीय स्मृतिदिनाच्या कल्पनेवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, दिनविशेषांची संख्या आधीच फार आहे. २६ नोव्हेंबरला २०१५ पासून संविधान दिन साजरा होतो आणि त्याच दिवशी मुंबई हल्ल्यातील मृतांना श्रद्धांजलीही वाहिली जाते. अनेक ठिकाणी दोन्ही कार्यक्रम एकाच तासात उरकले जातात. हा आक्षेप वास्तव आहे. परंतु तो दिनाच्या संख्येपेक्षा त्याच्या आशयाविषयी अधिक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहशतवादाच्या बळींचे स्मरण करावयाचे, तर दंगलीतील बळींचे काय? डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मरण पावली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने दंगली व मार्चमधील स्फोट यांच्यातील संबंधाचाही विचार केला होता. स्फोटांचा स्मृतिदिन पाळून दंगलींविषयी मौन पाळणे हे इतिहासाला धरून होणार नाही. याबाबत केंद्र शासनाच्याच एका योजनेतून मार्ग दिसतो. १ एप्रिल २००८ पासून लागू झालेली नागरिक बळींसाठीची साहाय्य योजना दहशतवादी, जातीय व नक्षलवादी अशा तिन्ही प्रकारच्या हिंसाचाराला एकत्र कवेत घेते. साहाय्य देताना शासन जो भेद करीत नाही, तो स्मरण करताना समाजाने करण्याचे प्रयोजन नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, भारतातील प्रचलित दिन हे नेत्याचे, दलाचे किंवा घटनेचे स्मरण करतात; सामान्य नागरिक मृताचे स्वतंत्र स्मरण करणारा राष्ट्रीय दिवस त्यांत नाही. तो केव्हा ठरेल, हे शासनाच्या अधीन आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना मात्र त्यासाठी थांबण्याची आवश्यकता नाही. २१ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन आपल्या पहिल्या सत्रात येतो व विद्यार्थी वर्गात असतात. त्या दिवशी इतिहास विभागाने प्रतिज्ञेऐवजी एका घटनेतील मृतांची प्रकाशित नावे वाचावीत, तत्कालीन मराठी व उर्दू वृत्तपत्रांतील वार्तांकन विद्यार्थ्यांना तुलनेसाठी द्यावे आणि न्यायालयीन निकालांचा क्रम समजावून सांगावा.

श्रीरामपूरहून मालेगाव दूर नाही. येथील ‘बेलापूर’ स्थानकावरून गाडीने मनमाडला उतरावे व पुढे रस्त्याने जावे, इतकेच. तरीही आपल्या विद्यार्थ्यांना माद्रिदचा आकडा सांगता येईल, पण मालेगावचे एकही नाव सांगता येणार नाही, अशी स्थिती असेल तर तो दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. जो इतिहास शिकविला जात नाही, तो लेख नसलेल्या वीरगळासारखा असतो. त्यावर नाव कोरण्याचे काम न्यायालयाचे नाही, ते अध्यापकांचे आहे.