नेत्र-हस्त समन्वय आणि लेखनविकास

नेत्र-हस्त समन्वय म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या आकारानुसार हाताच्या हालचालींचे नियमन करण्याची क्षमता. लहान मुलांच्या लेखनविकासातील हा एक महत्त्वाचा घटक आहे. अक्षर ओळखणे आणि ते काढणे या भिन्न क्षमता असल्याने 'क' अचूक ओळखणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तो पाहून काढता येईलच असे नाही. हा फरक लक्षात न घेतल्यास अशा मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

आकार काढण्याचा क्रम

साधारणतः ३ऱ्या वर्षी वर्तुळ, ४थ्या वर्षी अधिकचे चिन्ह, ४½ ते ५ वर्षांच्या सुमारास चौरस आणि ५ वर्षांनंतर त्रिकोण पाहून काढता येतो. तिरप्या रेषा उभ्या-आडव्या रेषांनंतर जमतात. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या कीथ बिअरी यांच्या चाचणीत अशाच चढत्या काठिण्याच्या आकृत्या मुलांना पाहून काढायच्या असतात. मात्र हस्ताक्षर केवळ या समन्वयावर ठरत नाही. बोटांची ताकद, बसण्याची पद्धत आणि सराव यांचाही त्यावर परिणाम होतो.

देवनागरी लिपी

देवनागरीत उभा दंड, गोलाई, गाठ आणि 'ब'च्या पोटातील तिरपी रेघ यांचा मेळ घालावा लागतो. 'भ' व 'म' किंवा 'घ' व 'ध' यांतील भेद शिरोरेषा तुटक की अखंड यासारख्या बारकाव्यावर ठरतो. ऱ्हस्व वेलांटीचा उच्चार व्यंजनानंतर होतो, पण ती त्याच्या आधी काढली जाते. नवशिक्या मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. वर्णमालेऐवजी 'ग म भ न' या क्रमाने अक्षरे शिकवण्याच्या रूढ पद्धतीत दंड असलेली, परस्परांशी साम्य असलेली अक्षरे एकत्र येतात.

महाराष्ट्रातील बालशिक्षण

पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. तेथे अक्षर मोठे काढता येई आणि चुकलेले सहज पुसता येई. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवते. लेखणी नंतर येते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे वाढवलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया असे परिसरातील साहित्य वापरले गेले. असे साहित्य वेचणे, लावणे, ओवणे यांतून लेखनापूर्वीच बोटांना वळण लागते.

अडचणी

५-६ वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे उलटी काढणे सामान्य आहे. पुरेशा सरावानंतरही अडचण कायम राहिल्यास दृष्टितपासणी करून व्यवसायोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेतला जातो. लेखन-अक्षमतेचा समावेश असलेली विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य करण्यात आली आहे.