परक्या हातांची गोधडी

महूचा इतिहास सांगताना आपण तह आणि पलटणी यांपासून आरंभ करतो. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांच्या मुलखात इंग्रजांची ही छावणी उभी राहिली. पलटणींबरोबर मराठी शिपायांची बिऱ्हाडेही येथे आली. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो येथेच. छावणीतील दोन परक्या संसारांची एक देवघेव मात्र कोणत्याच दफ्तरात सापडणार नाही. ती आमच्या घरच्या एका गोधडीत आहे.

१९४७ नंतर गोरी कुटुंबे विलायतेस निघाली. त्यांच्या विक्रीस निघालेल्या सामानातून आजोबांनी एक पेटी आणली. तिच्या तळाशी छिटाच्या षट्कोनी तुकड्यांचा गठ्ठा होता. काही तुकडे जोडलेले, बरेचसे सुटे. कुणा मडमेने हौसेने आरंभलेले आणि जाताना मागे टाकलेले ते काम. आजीने गठ्ठा बांधून ठेवला. आईने तो सोडला सत्तरच्या दशकात.

आपल्या गोधडीची रीत निराळी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर ठिगळे मांडायची आणि बहुधा कडेपासून आत धावदोरा घालीत जायचे. एकीचा हात थांबला तर दुसरी तेथूनच दोरा पुढे नेते. इंग्रजी षट्कोनी कामात प्रत्येक तुकडा कागदाच्या साच्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवतात, मग कडेला कड बारीक टाक्यांनी जोडतात. चहूबाजूंनी जोडणी झाली की कागद काढून घ्यायचा. साच्यांसाठी जुनी पत्रे, वह्या, वर्तमानपत्रे कापली जात. काम अपुरे राहिले तर ते कागद आतच राहतात आणि अभ्यासकांना त्यांवरून काळाचा अदमास बांधता येतो. ब्रिटनमधील सालाची नोंद असलेले सर्वांत जुने ज्ञात ठिगळकाम १७१८ चे, म्हणजे मंदसोरच्या तहाआधी बरोबर शंभर वर्षांचे. त्या रेशमी पांघरुणातही साच्यांचे कागद अजून आहेत.

आईला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने सुटे तुकडे जोडले, कागद उपसले, खाली आजीची दोन जुनी लुगडी घातली आणि आपल्या पद्धतीने लांब धावदोरा घातला. कागदांवर इंग्रजी हस्ताक्षर होते. मी शाळकरी, थोडेफार वाचता येणारा. ते ठेवून घे, म्हणून हट्ट धरला. "थंडी काय कागदानं जाते?" एवढेच ती म्हणाली. कागद बंबात गेले.

पुढे सारी नोकरी फाइली सांभाळण्यात गेल्यामुळे असेल, त्या बंबाची मला अनेक वर्षे चुटपुट लागून होती. आता वाटते, गठ्ठा तसाच राहता तर मडमेचे अक्षर वाचले असते. पण आईचा हात आणि आजीची लुगडी त्यात कोठून आली असती? गोधडीवर दोघींचे टाके आजही वेगळे ओळखू येतात. मडमेचे मुंगीएवढे, आईचे तांदळाच्या दाण्याएवढे.

ओळी जुळेनात म्हणून आईने तीन षट्कोन वगळले होते. ते शिवणाच्या डब्यात कागदांसकट राहिले. एकावर महिना वाचता येतो, डिसेंबर. साल मात्र कात्रीत गेले आहे.