शाळातपासणी : हंटर कमिशनपासून आजपर्यंत

'साहेब येणार' एवढे दोन शब्द कानी पडले की शाळेचे रूप कसे पालटून जाई, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. जमीन सारवली जाई, गुंडाळून ठेवलेले नकाशे भिंतीवर चढत, हुशार मुले पुढच्या रांगेत येत आणि ज्याला वाचता येत नसे त्याला त्या दिवशी घरीच राहण्याची सूचना मिळे. साहेब चार प्रश्न विचारीत, शेरेबुकात चार ओळी लिहीत आणि पुढच्या गावाची वाट धरीत. दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत्. मागे पडलेल्या शाळेवर सरकारने नजर ठेवावी ती कशी, हा प्रश्न त्या काळाइतकाच आजही जिवंत आहे. म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहू.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात 1855 साली शिक्षणखाते स्थापन झाले. त्यात इन्स्पेक्टर व त्यांच्या हाताखाली डेप्युटी इन्स्पेक्टर अशी रचना होती. डेप्युटीच्या वाट्याला शाळा पुष्कळ आणि रस्ते कच्चे. त्यामुळे वर्षातून एखादी फेरी झाली म्हणजे काम झाले, असे मानले जाई.

याच सुमारास विलायतेत एक नवी पद्धत निघाली. 1862 साली रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधून टाकले. तपासनिसासमोर मूल वाचन, लेखन व गणित यांत उतरले तर पैसे, नाही तर कपात! प्रसिद्ध कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः सुमारे 35 वर्षे शाळातपासनीस होते. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होते, अशी तक्रार त्यांनी वारंवार केली. तथापि आपल्या इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानासाठी निकालावर पैसे देण्याचीच पद्धत स्वीकारली गेली.

1882 साली हंटर कमिशन नेमले गेले. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी निवेदन सादर केले. आपला अनुभव मुख्यत्वे पुणे व भोवतालच्या खेड्यांपुरता आहे, असे त्यांनी त्यात आरंभीच नमूद केले होते. म्हणजे ही साक्ष आपल्याच मुलखाची आहे. तपासणीबद्दल त्यांचे म्हणणे स्वच्छ होते. वर्षातून एकदा डेप्युटी येऊन जाण्याने फारसे काही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी. आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता शाळेला भेट द्यावी. गावकामगार व जिल्ह्याचे अंमलदार यांच्यावर विसंबू नये, कारण त्यांना इतर कामांतून सवड नसते आणि त्यांची परीक्षा वरवरची होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, फुले कडक शिस्तीचे पुरस्कर्ते होते. ते खरेच. पण त्याच निवेदनात त्यांनी असेही सांगितले की, निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब व अडाणी समाजात शिक्षणप्रसार करण्यास उपयोगी नाही. जेथे विद्येची गोडीच अद्याप लागलेली नाही, तेथे त्या मिळकतीवर शाळा कोण काढणार? नजर कडक हवी, पण दुबळ्या शाळेच्या तोंडचा घास काढता कामा नये. हे दोन मुद्दे आम्हाला एकत्रच वाचावेसे वाटतात. पुढे सरकारी तपासणी जेथे जेथे फसली, तेथे यांपैकी एकाचा विसर पडलेला दिसतो.

फुल्यांच्या साक्षीनंतर जवळजवळ 130 वर्षांनी याचा प्रत्यय आला. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, डेप्युटीची जागा शिक्षण विस्तार अधिकाऱ्याने घेतली, पुढे सुमारे दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमला गेला. शेरे वाढले, तक्ते वाढले. पण शिक्षकांची पदे आणि अनुदान ठरते पटावरून, म्हणून पट फुगवण्याचा मोह सुटला. नांदेड जिल्ह्यात ही बनवाबनवी उघडकीस आल्यावर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत सबंध राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. पटावरील लाखो मुले जागेवर सापडली नाहीत. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी पुढल्याच वर्षी पिंपरी-चिंचवडचे आयुक्त म्हणून आले, हाही एक योगायोग.

मात्र गैरहजर मूल आणि बनावट मूल यांत अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्या पट्ट्यात तर ते फारच जाणवते. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे कारखानदारी भोसरी, चिंचवड करीत चाकणपर्यंत पोचली. कामामागे माणसे आली, माणसांमागे मुले. बाप बांधकामावर, आई विटभट्टीवर. काम संपले की बिऱ्हाड हलते. नाव एका शाळेत आणि मूल दुसऱ्या गावी! अशा शाळेचा निकाल कागदावर वाईटच दिसणार. तपासनिसाने तेवढाच कागद पाहिला तर दोष शाळेचा, की दोष फिरत्या पोटाचा, हे त्याला कसे कळावे?

खेड तालुक्यातील जालिंदरनगरचे उदाहरण ताजे आहे. 2022 साली तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत अवघी तीन मुले उरली होती. तक्त्यावर पाहणाऱ्याने शाळा बंद करण्याचाच शेरा मारला असता. शिक्षक व गावकरी कामाला लागले, मुले परतली आणि 2025 साली त्या शाळेला जगातील उत्कृष्ट शाळांच्या पारितोषिकांत लोकपसंतीचा मान मिळाला. तीन हा आकडा खरा होता. पण त्यावरून काढता येणारा निष्कर्ष मात्र खोटा ठरला.

मग तपासणी कोणी करावी? सरकारने करावीच; पण केवळ सरकारने नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. फुल्यांना हवी होती ती वर्दी न देता होणारी भेट पालकांइतकी सहज कोण देऊ शकेल? कारखान्याची पाळी संपवून घरी जाताना वाटेत शाळेत डोकावावे, आपल्या मुलाला एक धडा वाचून दाखवायला सांगावे. त्याला वाचता आले नाही तर शिक्षकाला दरडावू नये; काय कमी पडते ते विचारावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. नापास मुलाला कोणी शाळेबाहेर काढीत नाही, त्याला पुन्हा शिकवतात. नापास शाळेलाही तोच न्याय मिळाला पाहिजे.