नाव नसलेला मॅग्नुस

गेल्या सप्टेंबरात आम्ही जर्मनीत न्यूरेंबर्गला पुतण्याकडे गेलो होतो. तिथे जुन्या शहराच्या गल्ल्यांतून मे आणि सप्टेंबर असा वर्षातून दोनदा जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो. त्याला ट्रेम्पेलमार्क्ट म्हणतात. आपल्या मुंबईच्या चोरबाजाराची आठवण यावी, फक्त इथे कोणी ओरडत नाही. बरोबरच्या नातवाने एका खोक्यातून अमेरिकन कॉमिक उपसून काढले: ‘द अनकॅनी एक्स-मेन’, अंक 161, सप्टेंबर 1982, मूळ किंमत 60 सेंट. युद्धानंतर सुमारे पन्नास वर्षे या भागात अमेरिकन फौजेच्या छावण्या होत्या. कोणा शिपायामागे तो अंक राहिला असावा.

नातवाच्या आधी आम्हीच तो वाचून काढला. कारण त्यातली गोष्ट घडते हैफाच्या इस्पितळात, आणि 1982 साली आम्ही इस्राएलातल्याच एका इस्पितळात सिस्टर होतो.

वाचकहो, आमच्या पिढीला कॉमिक म्हणजे इंद्रजाल आणि त्यातला मुखवट्याचा वेताळ. दप्तरात सापडला तर पाठीत धपाटा ठरलेला. त्या वेताळाचा जनक ली फॉक मुळात लिओन ग्रॉस, ज्यू घराण्यातला, हे तेव्हा आईला माहीत असते तर धपाटा थोडा हलका बसला असता! एक्स-मेन हा वीरांचा संघ 1963 साली निघाला. जन्मतःच विलक्षण शक्ती घेऊन आलेली आणि म्हणून समाज ज्यांना भितो व हाकलतो, अशी ही माणसे. तो काढणारे स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे खरे स्टॅन्ली लीबर आणि जेकब कुर्ट्झबर्ग, दोघेही न्यूयॉर्कला येऊन राहिलेल्या ज्यू कुटुंबांतले. नावे बदलली म्हणून कोणी हसू नये. मुंबईत 1796 साली आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर लोकांत समाजी हसाजीच होते.

जर्मनीच्या राज्यकर्त्यांनाही या चित्रांचा राग होताच. सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन यांना बखोटीला धरून राष्ट्रसंघापुढे नेतो, अशी दोन पाने 1940 च्या आरंभी एका अमेरिकन नियतकालिकात आली. त्यावर एस.एस.च्या ‘दास श्वार्त्झे कोर्प्स’ या साप्ताहिकाने 25 एप्रिल 1940 च्या अंकात लेखक जेरी सीगल याच्या ज्यू असण्यावर गरळ ओकली. युद्ध ऐन भरात, आणि यांना वेळ कशाला, तर चित्रांच्या पुस्तकाला.

आता आमच्या अंकातल्या गूढ माणसाकडे येऊ. मॅग्नेटो, लोखंड नुसत्या इच्छेने हलवणारा, पहिल्याच अंकात आला तो खलनायक म्हणून. ना गाव, ना आईबाप, ना नाव. अठरा वर्षांनी, 1981 च्या 150 व्या अंकात लेखक ख्रिस क्लेअरमाँट याने उघड केले की हा लहानपणी आउश्वित्झमध्ये होता. आणि 161 व्या अंकात तो वीस वर्षांपूर्वीच्या हैफात दिसतो, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या इस्पितळात, रुग्णांची सेवा करणारा स्वयंसेवक. स्वतःला नुसते मॅग्नुस म्हणवतो. पुढे 1985 च्या 200 व्या अंकात तो एक्स-मेनच्या शाळेचा प्रमुखही होतो. खलनायकाचा नायक झाला, पण खरे नाव काही कळले नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला पटली नाही. इस्पितळात गॅब्रिएल हालर नावाची, डाखाऊहून वाचलेली तरुणी आहे, लाकडासारखी ताठ, न बोलणारी. प्राध्यापक एक्सेव्हियर तिच्या मनात शिरतो आणि ती जागी होते. काही पानांत काम झाले! असे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. वर्षानुवर्षे वॉर्डात पडून असत, कित्येकांच्या केस पेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिलेले असे. यांच्यावर काय गुजरले ते विचारून फेरतपासणी व्हायला 1990 च्या दशकाची अखेर उजाडली.

मॅग्नुसच्या नावाचा घोळ पुढेही चालला. 1993 साली त्याला एरिक लेनशर म्हटले, तो सिंती असल्याचे सुचवले, आणि 1998 साली ते नाव बनावट ठरवून टाकले. सिनेमांनी तेच उचलले, म्हणून लोकांना तेच ठाऊक. अखेर 2008 साली ग्रेग पाक या लेखकाच्या ‘मॅग्नेटो: टेस्टामेंट’ या पाच अंकांत त्याला नाव मिळाले: मॅक्स आयझेनहार्ट, आणि गोष्ट सुरू होते ती 1935 च्या न्यूरेंबर्गात. भालाफेकीत पहिला आलेला शाळकरी मुलगा कौतुकाऐवजी शाळेतून घालवला जातो. यात झूल नाही, मुखवटा नाही, अचाट शक्ती नावापुरती. आमच्या मते सर्वांत चांगले काम हेच.

कारण या शहरात निराळे काही रचावेच लागत नाही. 15 सप्टेंबर 1935 ला ज्यूंचे नागरिकत्व काढणारे कायदे इथेच झाले. ऑगस्ट 1938 च्या फतव्याने, सरकारी यादीबाहेरचे नाव असलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाने नावाला ‘इस्राएल’ आणि बाईने ‘सारा’ जोडायचे ठरले, 1 जानेवारी 1939 पासून. आपण ‘बेने इस्राएल’ म्हणून मिरवतो, ते नाव तिथे शिक्षा म्हणून चिकटवले होते.

हे वाचले आणि आम्ही तिथेच बसलो. आमच्या वॉर्डात एक येक्के बाई होत्या, जन्मगाव न्यूरेंबर्ग. केस पेपरवर नाव सारा. कोणा कारकुनाने जुन्या जर्मन कागदावरून उतरवले होते, आणि आधीचे नाव पुसट म्हणून सोडले होते. आम्ही चार वर्षे त्यांना सारा म्हणून हाक मारली. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. ऐकू कमी येते, असे आम्ही रिपोर्टात लिहिले. उशीखाली पाव लपवत, तेवढा मात्र आम्ही काढून घेत नसू. त्या गेल्या तेव्हा विचारायला नातेवाईक कोणीच नव्हते.

या शहराच्या दप्तरखान्याने मारल्या गेलेल्या ज्यूंचा स्मृतिग्रंथ 1998 साली छापला आहे. पुतण्याने तो मिळवून दिला. बाईंच्या आडनावाची माणसे त्यात आहेत, सगळ्यांची नावे जन्मतारखांसकट. आम्ही दोन तास ओळी पाहत बसलो. पण तो ग्रंथ मारल्या गेलेल्यांचा, आणि बाई तर जगल्या होत्या. त्यांचे नाव त्यातही नव्हते.