थॉर्नबरीचा किल्ला : यजमान आणि पाहुणा

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील थॉर्नबरीचा किल्ला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हॉटेल म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे उतरणाऱ्यास त्याच्या रचनेतील विसंगती सहज जाणवते. पश्चिमेस बुरूज व जंग्या आहेत. दक्षिणेस मात्र उद्यानाकडे उघडणाऱ्या विशाल काचेच्या खिडक्या. अशा खिडक्या तोफेपुढे टिकणाऱ्या नव्हेत. तेव्हा बुरुजांचे प्रयोजन संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचे असावे, असे म्हणणे प्राप्त होते.

परंतु प्रतिष्ठाही निर्धोक नव्हती. बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक एडवर्ड स्टॅफर्ड याने १५१० मध्ये आठव्या हेन्रीकडून तटबंदीचा परवाना मिळविला. द्वारावरील लेखात १५११ हे आरंभवर्ष कोरलेले आहे. ड्यूक हा तिसऱ्या एडवर्डचा वंशज होता आणि हेन्रीला हयात औरस पुत्र नव्हता. अशा स्थितीत त्याचे वैभव राजाच्या डोळ्यांत सलणे स्वाभाविक होते. राजद्रोहाच्या आरोपावरून १७ मे १५२१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. वास्तू अपुरी राहिली व राजाकडे गेली.

ऑगस्ट १५३५ मध्ये ब्रिस्टलला प्लेग असल्यामुळे हेन्री व राणी ॲन बोलिन यांनी त्या शहरी जाण्याचे टाळले आणि थॉर्नबरीस सुमारे दहा दिवस मुक्काम केला. राजाचाही सत्कार करता यावा अशा थाटाच्या या घरात राजा अखेर आला, तो मात्र मालक म्हणून.

एकोणिसाव्या शतकात अँथनी साल्विन याने निवासी दालनांचा जीर्णोद्धार केला. पश्चिमेची बाजू मात्र अपुरीच राहिली. प्रवाशास ती रम्य भग्नावशेष वाटते. वस्तुतः बांधकाम कोठे व का थांबले, याचा तो दगडी पुरावा होय.